साल्साला भिडू हवेत

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

‘ताई, मी ४१ वर्षांची आहे. इंदिरानगरला राहते, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. गेल्या वर्षी गंगापूर रोडवर चार महिने साल्सा शिकले. बॅचच्या दिवशी ऑफिसातून निघताना पावलं आपोआप भरभर पडायची. आम्ही नऊ बायका आणि चार पुरुष होतो, त्यामुळे अर्धा वेळ बसून जायचा, तरी मी एकही दिवस चुकवला नाही. मग बॅच संपली. पुढची भरलीच नाही. आता क्लासवाले म्हणतात, “पार्टनर घेऊन या, मग बघू.” मिस्टरांना नाचाची आवड नाही. माझ्यासाठी दोनदा आले आणि अवघडून कोपऱ्यात बसून राहिले. मी जायला त्यांची ना नाही. सासूबाई मात्र रोज विचारतात, “पण तू कुणाबरोबर नाचणार?” बॅचमधल्या एका गृहस्थांनी “मिळून सराव करू या का” असा मेसेज केलाय. माणूस सभ्य आहे, पण तीन आठवडे झाले, मी उत्तर दिलेलं नाही. नाशिकमध्ये साल्साला जोडीदार शोधायचा कसा? आणि या वयात शोधावा का?’

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. शोधावा का? हो, नक्की. जिच्या ओढीने दिवसभराच्या कामानंतरही पावलं भरभर पडतात, ती गोष्ट बॅच भरली नाही एवढ्यावरून सोडू नका.

आता ‘जोडीदार’ या शब्दाकडे येते, कारण अर्धी अडचण मला तिथेच दिसते. मराठीत जोडीदार म्हटलं की लग्नाचा जोडीदार डोळ्यांपुढे येतो. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवरचा शब्द आहे तो. तुम्ही घरात ‘मला साल्साला जोडीदार हवा’ म्हणता तेव्हा सासूबाईंना काय ऐकू येत असेल? त्यांच्या प्रश्नात मला खोच वाटत नाही, त्यांना खरंच चित्र दिसत नाहीये. आणि तुमच्याही मनात तोच अर्थ नकळत शिरला असावा, नाहीतर एका साध्या मेसेजला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले नसते.

स्पर्धेत उतरणारी जोडी महिनोन्‌महिने एकत्र घाम गाळते, तिला एकच पार्टनर लागतो. तुम्ही शिकलात तो सोशल डान्स. त्यात एकाच संध्याकाळी दहा-बारा जणांबरोबर नाचायचं असतं. गाणं चार-पाच मिनिटांचं. ते संपलं की ‘थँक यू’ म्हणायचं, पुढच्या गाण्याला दुसरं कुणी. नवरा-बायको बरोबर आले तरी मधली कितीतरी गाणी इतरांबरोबर नाचतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. नवरात्रात दांडिया खेळताना ओळ सरकत जाते, समोरचं माणूस सारखं बदलतं, आणि घरी आल्यावर ‘कुणाबरोबर खेळलीस’ असं कुणी विचारत नाही. क्युबात, हवाना शहरात, १९५० च्या दशकाच्या शेवटी ‘रुएदा’ सुरू झाली, तीही अशीच. रुएदा म्हणजे चाक. जोड्या गोलात उभ्या राहतात, एक जण हाळी देतो, ‘दामे’ अशी हाळी आली की नेणारा शेजारच्या जोडीतल्या व्यक्तीचा हात धरतो आणि नाच पुढे चालू राहतो. थोड्या वेळात सगळ्यांचं सगळ्यांबरोबर नाचून होतं.

पत्त्यांच्या डावात, खेळात आपण भिडू म्हणतो ना, तो शब्द इथे नेमका बसतो. तुम्हाला भिडू हवेत, आणि एक नाही, चार-पाच हवेत. घरातही हाच शब्द वापरून बघा.

पहिले भिडू तुमच्या जुन्या बॅचमध्येच आहेत. त्या आठ बायका. ‘अर्धा वेळ बसून जायचा’ हे वाचून मला वाईट वाटलं. बसायचं कशाला? दोघी-दोघींनी नाचायला काय हरकत होती? एक जण नेतो तो लीड, दुसरा त्याचा इशारा ओळखून चालतो तो फॉलो. लीड पुरुषानेच करायचं असा काही नियम नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्समध्ये परदेशातून कामासाठी आलेल्या पुरुषांची गर्दी झाली होती, बायका त्या मानाने फार कमी. टँगो हा तिथला जोडीने नाचायचा नाच शिकू पाहणारे पुरुष तेव्हा पुरुषांबरोबरच सराव करत. नवख्याने आधी फॉलो शिकायचं, मग लीड. साहजिकच समोरच्याला आपला इशारा कसा पोचतो हे त्यांना आतून ठाऊक असे. तुमच्याकडे गणित उलटं आहे, बायका जास्त आणि पुरुष कमी. उपाय मात्र तोच.

मी स्वतः ४६ व्या वर्षी शिकायला गेले तेव्हा एका क्लासने ‘कपल असाल तरच’ म्हणून दारातून परत पाठवलं होतं. जिना उतरताना डोळे भरून आले होते, ते मी विसरलेले नाही. पुढे दुसरीकडे प्रवेश मिळाला, पण खरं शिकणं झालं ते आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, शेजारणीबरोबर. दोन महिने ती लीड आणि मी फॉलो, नंतर अदलाबदल. लीड करायला लागल्यावर मला गाणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं, कारण समोरचीला वळवायचं तर पुढची मात्रा कुठे येणार हे आधी कळावं लागतं. त्या आठ जणींपैकी दोघींना फोन करा. मेसेज नको, फोनच करा. त्याही कदाचित तुमच्यासारख्याच घरी बसून वाट बघत असतील.

आणखी भिडू हवे असतील तर झुम्बाच्या बॅचमध्ये शोधा. इंदिरानगरात, कॉलेज रोडला, गंगापूर रोडला सकाळ-संध्याकाळ बायका झुम्बा करतात. झुम्बाचा जन्म कोलंबियातला आणि त्याचे मूळ ताल चार: मेरेंगे, साल्सा, कुंबिया, रेगेटॉन. म्हणजे त्या बायकांच्या पायांत साल्साची पावलं आधीच आहेत, फक्त कुणाचा हात धरून ती टाकलेली नाहीत. ‘साल्सा शिकायला चला’ म्हटलं तर बिचकतील. ‘झुम्बातलीच स्टेप आहे, रविवारी तासभर दोघी-दोघींनी करून बघू’ म्हटलंत तर येतील.

हात कसा धरायचा हे त्यांना शिकवताना फुगडी आठवा. फुगडीत दोघी मागे झुकतात, एकीचं वजन दुसरी पेलते. साल्सात वजन टाकायचं नसतं, पण हातांतला तो हलका ताण तसाच लागतो. हात लुळा पडला तर इशारा पोचत नाही, ताठ झाला तर पोचूनही अंग वळत नाही. बोटं आकड्यासारखी अडकवायची आणि अंगठ्याने आवळायचं नाही. अंगठा आवळलेला असताना कुणी गिरकी दिली तर मनगट पिरगळतं. हे माझ्या बाबतीत झालंय. सरावाला येणारे एक जण फार जोरात फिरवायचे, मी संकोचाने गप्प राहिले आणि पुढे सहा आठवडे पोळी लाटताना मनगट दुखत होतं. ‘हात जरा हलका धरा’ एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही हे वाक्य आत्तापासून तोंडात बसवा. आणि फॉलो करताना पुढचं ओळखून आधीच वळू नका. पाठ झालेल्या स्टेपला सगळ्यांचंच तसं होतं, पण मग नेणाऱ्याकडे नेण्यासारखं काही उरत नाही.

आता त्या गृहस्थांविषयी, कारण पत्राचा खरा भार तिथेच आहे.

चार महिने तुम्ही त्यांना पाहिलंय आणि सभ्य म्हणता आहात. तुमच्या पारखीवर मी विश्वास ठेवते, तुम्हीही ठेवा. तरी सुरुवातीला दोघांनीच सराव करू नका असं सांगेन. यात त्यांच्यावर संशय नाही. एक कारण नाचाचं आहे: दोन नवशिके कायम एकमेकांबरोबरच नाचले की एकमेकांच्या चुका सांभाळून घ्यायला शिकतात, आणि तिसऱ्या कुणाबरोबर नाचायची वेळ आली की काहीच जमत नाही. दुसरं कारण तुमचं. खालचा वॉचमन काय म्हणेल, समोरच्या वहिनी काय म्हणतील याचा विचार डोक्यात चालू असेल तर मात्रा मोजल्या जाणार नाहीत. त्यांना असं काहीसं लिहा:

‘नमस्कार. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. सराव करायला आवडेल. रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जमू या. बॅचमधल्या आणखी दोघी-तिघी येतील. तुमच्या घरून कुणाला यायचं असेल तर जरूर आणा. हॉलचे पैसे सगळे मिळून वाटून घेऊ.’

यात जागा, वेळ, माणसं आणि पैसे, चारही गोष्टी उघड आहेत. माणूस खरंच नाचासाठी विचारत असेल तर त्याला हे वाचून बरं वाटेल. त्यांच्याही मनावर ओझं असणार: एखाद्या विवाहित बाईला सरावासाठी विचारायचं आणि तिने भलताच अर्थ काढला तर? तीन आठवडे उत्तर नाही म्हटल्यावर ते ओझं वाढलं असेल. उलट ‘बाकीचे कशाला, दोघंच करू’ असं उत्तर आलं, तर ‘मला गटातच जमेल’ म्हणून विषय संपवा. कारणं देत बसू नका. सरावाचं बोलणं सगळ्यांच्या ग्रुपवर ठेवा.

अंतराचंही आधीच बोलून घ्या. साल्सा हात लांब ठेवून, दोघांत पुरेशी जागा राखून छान नाचता येतो. जवळची पकड घेतलीच तर लीडचा उजवा हात फॉलोच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्यापाशी असतो. कमरेवर नाही. घसरला तर ‘हात वर घ्या’ म्हणा, त्यात कुणाचा अपमान नाही. बचाटा आणि किझोंबा हे नाच बरेच जवळून नाचले जातात. ओळख मुरेपर्यंत ते बाजूला राहू द्या, आणि मुरल्यावरही तुम्हाला नको असतील तर नको. कुणी नाचायला विचारलं आणि मन नसेल तर ‘आत्ता नको, थँक यू’ पुरतं. टँगोच्या बैठकीत तर लांबून नजरेनेच विचारायची रीत आहे: समोरच्याने मान हलवली तर नाच, नजर वळवली तर नाही, शब्दही खर्ची पडत नाही.

मिस्टरांना आणखी ओढू नका. आवड नसताना ते दोनदा येऊन बसले, यात त्यांचं तुमच्यावरचं प्रेम दिसतं, ते तसंच राहू द्या. त्यांच्याकडून एकच मागा. पहिल्या रविवारी चहाच्या वेळी त्यांनी खाली यावं आणि सगळ्यांना भेटावं. ज्यांच्याबरोबर आपली बायको नाचते ते चेहरे माहीत असले की घरातलं वातावरण फार सैल होतं.

सरावात काय करायचं? निम्मा वेळ हात न धरता करा. साल्सा आठ मोजून नाचतात: एक-दोन-तीन, चारला विराम, पाच-सहा-सात, आठला विराम. भजनात, भावगीतात केरवा ऐकत आपण वाढलो, आठ मात्रांचं चक्र आपल्या अंगात आहे. गोंधळ होतो तो क्लावेमुळे. क्लावे म्हणजे टिपऱ्यांसारख्या दोन लहान लाकडी दांड्या. त्यांचे या आठांत पाचच ठोके पडतात आणि ते सारख्या अंतरावर पडत नाहीत, म्हणून पाऊल त्यांच्यामागे धावतं. सुरुवातीला तिकडे लक्ष देऊ नका, संथ गाणी निवडा आणि मोठ्याने मोजा. नवा भिडू आला की ‘ऑन वन’ नाचता की ‘ऑन टू’, हे आधी विचारून घ्या. पहिल्यात दिशा बदलणारं मुख्य पाऊल एकवर पडतं, दुसऱ्यात दोनवर. एक जण असा आणि दुसरा तसा असला तर पायांत पाय येतात आणि दोघांनाही आपलंच चुकतंय असं वाटत राहतं.

गुडघ्यांसाठी एक कळकळीची सूचना. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालून गिरक्या घेऊ नका. तळ जमिनीला चिकटतो, अंग वळतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. क्लबहाउसच्या गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालूनही नको, पाय सटकतो. कातडी किंवा स्वेड तळाचा, मागे पट्टा असलेला, बुटक्या टाचेचा बूट घ्या. गच्चीवर जमणार असाल तर खरखरीत कोब्यावर फक्त साधी पावलं करा.

मुंबई-पुण्याला सोशल, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचे कार्यक्रम होतात, तिथे जायचं का, असंही तुम्ही मूळ पत्रात विचारलंय. जा, पण आधार म्हणून नको. मुंबई आपल्याला साधारण १७० किलोमीटर, पुणे २१० च्या आसपास. सोशल रंगतात रात्री, आणि पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला मुंबईहून परत निघते, म्हणजे मुक्काम आलाच. दिवसाची कार्यशाळा असेल तर पंचवटीने जाऊन येता येईल. नाहीतर तीन-चार महिन्यांतून एकदा दोघी-तिघींनी मिळून जा, कुणाच्या तरी नातेवाइकांकडे उतरा. सोशलच्या आधी बऱ्याच ठिकाणी नवख्यांसाठी तासभर शिकवतात, तो तास चुकवू नका. तिथे ज्यांच्याबरोबर शिकता तेच पुढे रात्रभर नाचायला विचारतात.

क्लासवाल्यांचं राहिलं. ‘पार्टनर आणा’ म्हणतात कारण त्यांची बॅच भरत नाही. दोन महिने सराव झाला की तुम्ही पाच-सहा जण मिळून त्यांच्याकडे जा. अर्धी बॅच तुम्हीच घेऊन आलात तर ते शिकवायला तयार होतील, आणि मग अटी तुम्ही घाला: दर काही मिनिटांनी पार्टनर बदलायचे, आणि ज्या बायकांना लीड शिकायचं आहे त्यांना शिकवायचं. फी भरण्याआधी हे दोन्ही कबूल करून घ्या. टाळाटाळ केली तर दुसरा शिक्षक शोधा. पाच जणांना शिकवायला कुणीतरी घरापर्यंतही येईल.

सासूबाईंसाठी थोडं. साल्सा म्हणजे हॉटेलातला, रात्रीचा, श्रीमंतांचा नाच असं त्यांना वाटत असेल तर खरं काय ते सांगा. क्युबा आणि पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला कामधंद्यासाठी गेलेल्या कुटुंबांत तो वाढला, १९६० आणि ७० च्या दशकांत साल्सा हे नाव तिथे रुळलं. त्या घरांतली मुलं लग्नात, वाढदिवसाला, मामा-मावशीबरोबर स्वयंपाकघरात नाचत शिकतात, आजीही नाचते. त्यांनी पुन्हा ‘कुणाबरोबर नाचणार’ विचारलं की नावं घ्या: बॅचमधल्या दोघी, झुम्बातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ते गृहस्थ, त्यांच्या घरचं कुणी. आणि पहिल्या रविवारी सासूबाईंनाही खाली घेऊन या. मंगळागौरीला फुगड्या खेळलेल्या असतील तर तुमच्या भिडूंना हातातला ताण त्यांच्याइतका चांगला कुणीच दाखवू शकणार नाही.

क्लबहाउस रविवार सकाळी मोकळं आहे का, हे आज संध्याकाळीच सेक्रेटरींना विचारा. ते कळलं की लगेच त्या मेसेजला उत्तर पाठवा, आणखी एक आठवडा जाऊ देऊ नका.

तुमची,
ताई